माघारी फिरलेला गाडा

पटकी, देवी, प्लेग ही नावं नाथाजीनं बापाच्या तोंडून ऐकली होती ती इतरांची पोरं मामाच्या गावच्या गोष्टी ऐकतात तशी. मरीआई ही रोगराईची देवी आणि नाथाजीचे वाडवडील तिचे चाकर. गावात साथ शिरली की मरीआईवाल्याला मानाचं बोलावणं यायचं, न्यायला बैलगाडी यायची, शिधा मिळायचा, नवं लुगडं, नवं धोतर मिळायचं आणि खुद्द पाटील हात जोडून उभा राहायचा. हे सगळं नाथाजीनं पाहिलेलं नव्हतं, पण सांगायचा असा की जणू त्या बैलगाडीत हा स्वतःच बसून आला. त्याची बायको शालूबाई लग्न झाल्यापासून ते ऐकत आली होती. तिनं पाहिलं ते वेगळंच. सरकारी लस आली, साथी सरल्या, देवीचा धाक गेला, आणि मरीआईवाला म्हणजे दारात येऊन स्वतःच्या अंगावर आसूड ओढणारा, पोरांना भेवडवणारा आणि पसाभर जोंधळ्यासाठी ताटकळणारा माणूस, एवढंच उरलं. मुक्काम कधी बाजारतळावर, कधी देवळामागं, कधी ओढ्याकाठी. पाल ठोकायचं आणि कुणी उठवलं की उठायचं.

म्हणून दोन हजार वीसच्या मार्चात, जगात नवा रोग आलाय, त्याला औषध नाही आणि मोठमोठ्या डॉक्टरांनी हात टेकलेत, असं चहाच्या टपरीवर ऐकून नाथाजी परतला तेव्हा, खोटं कशाला सांगा, त्याचा चेहरा उजळला होता. त्यात एका रविवारी संध्याकाळी आख्खी वस्ती दारात आली आणि थाळ्या, डबे, पराती बडवायला लागली. साथ हाकलायला भांडी बडवायची हे त्याला बापानं शिकवलं होतं. आता सरकारच तसं सांगतंय म्हटल्यावर पुढचं पाऊल मरीआईवाल्याला बोलावणं, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका राहिली नाही. त्यानं घुंगरं चिंचेनं घासली, आसुडाला तेल लावलं आणि बायकोला बजावलं, "आता गावं आपल्याला हुडकत येत्याल बग."

तेव्हा दोघं कराडच्या अल्याड एका बाजारतळावर होती. माथ्यावर पत्रा, एका अंगाला भिंत, हाकेच्या अंतरावर हापसा. शालूबाईच्या लेखी तो बंगलाच होता. पण नाथाजीच्या बापाची हक्काची गावं सांगलीच्या बाजूला होती आणि त्याला तिकडं जायची घाई झाली. शालूबाईला हे काही खरं दिसत नव्हतं. तशी ती फटकळ बाई. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, अंगानं काटक, आणि नवऱ्याला दोन सुनावल्याशिवाय तिची भाकरी पचायची नाही. तरी या वेळी ती गप्प बसली. म्हातारा इतका खुशीत तिनं पूर्वी पाहिलाच नव्हता. देवीचा देव्हारा तिनं डोक्यावर घेतला, गाठोडी हातगाड्यावर टाकली आणि दोघं निघाली. पत्रा आणि भिंत सोडून निघाली, हीच त्यांची चूक, आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. जगातली सगळी माणसं रोगापासून लांब पळत होती आणि ही दोघं त्याच्या वाटेनं, आवतण येईल म्हणून.

सातारा जिल्हा संपतो आणि सांगली जिल्हा लागतो तिथं एक ओढा आहे. ओढ्याच्या अलीकडं साताऱ्याच्या पोलिसांनी लोखंडी अडथळे लावले होते, पलीकडं थोड्या अंतरावर सांगलीच्या पोलिसांनी. साताऱ्यातून बाहेर पडताना म्हाताऱ्यांना कुणी अडवलं नाही. उलट बला टळली म्हणून हात हलवला. सांगलीवाल्यांनी मात्र पास विचारला. पास नाही म्हणताच माघारी जा म्हणाले. माघारी गेली तर साताऱ्यावाले म्हणाले, एकदा बाहेर गेलात, आता आत घेता येत नाही. असं दोन वेळा झालं. त्यातला एक तरुण शिपाई स्वभावानं बरा होता. त्यानं शालूबाईला नीट समजावलं की मावशी, रोग वाईट आहे, घरात बसा. शालूबाईनं विचारलं, "कुठल्या?" शिपायाला उत्तर सुचलं नाही आणि उत्तर सुचलं नाही की माणूस काठी उचलतो, तशी त्यानं उचलली.

मग दोघांनी ओढ्याच्या काठी, दोन्ही नाक्यांच्या मधल्या पट्टीत, बाभळीखाली पाल ठोकलं. पाल म्हणजे तरी काय, चार काठ्या आणि ठिगळांचा कागद. सातारा त्यांना आपलं म्हणेना आणि सांगलीही म्हणेना.

ओढ्याला लागून सांगलीच्या अंगाला एक गाव होतं. गावाचं नाव सांगून उपयोग नाही; त्या दिवसांत सगळ्या गावांच्या तोंडावर रस्ता अडवायला बाभळीच्या सारख्याच काट्या पडल्या होत्या. इथं काट्यांवर पहारा होता हंबीरराव सुभेदाराचा. पलटणीतून निवृत्त झालेला गडी, मिशा पांढऱ्या पण कणा ताठ, गळ्यात शिट्टी आणि हातात लांब काठी. पुष्कळ वर्षं देशाची सीमा राखली आणि आता गावची राखायला मिळाली म्हणून स्वारी खूश होती. गल्लीतली पोरं त्यानं पाळ्या लावून उभी केली होती. दूधवाला आला तरी "हॉल्ट" ऐकायचा.

शालूबाई पहिल्या दिवशी पाण्याला गेली ती त्याच्यासमोर. पाणी मिळालं, ते काट्यांवरून घागर कलती करून, लांबून. तिथवर ठीक होतं. पण मागं बाभळीखाली नाथाजी खोकला.

आता या खोकल्याचं सांगितलं पाहिजे. नाथाजीला दमा होता आणि तो जुना होता. जन्मभर देवीपुढं ऊद आणि धूप फुंकून फुंकून छाती भरलेली. शालूबाई त्या खोकल्यावर झोपायची आणि त्याच्यावरच उठायची. खोकला थांबला की उलट दचकून जागी व्हायची. पण त्या महिन्यात खोकणं हा गुन्हा झाला होता. सुभेदारानं शिट्टी फुंकली, पोरं मागं सरली आणि पाणी बंद झालं. शालूबाईनं परोपरीनं सांगितलं की हा खोकला रोगाच्या आधीचा आहे, देवीचाच आहे. कोण ऐकतो? त्या दिवसापासून ती ओढ्यात झिरा उकरून पाणी घ्यायला लागली.

गावच्या शाळेची एक खोली बाहेरून येणाऱ्यांसाठी झाडूनपुसून ठेवलेली होती. पुण्या-मुंबईहून माणूस आला की त्यानं तिथं वेगळं राहायचं असा हुकूम. आत खाटा, गाद्या, प्यायच्या पाण्याचा पिंप, दाराबाहेर साबण. हे सगळं शालूबाईला काट्यांवरच्या पोरांच्या बोलण्यातून कळलं. हेही कळलं की पुण्याहून आलेले सगळे आपापल्या घरी जाऊन झोपले, कारण कुणाच्या आईला आपला मुलगा शाळेत झोपलेला बघवेना. खोली होती तशीच रिकामी पडली होती. शालूबाईनं सुभेदाराला ती खोली मागितली. ती म्हणाली, म्हातारा दम्याचा आहे, उन्हानं आणि फुफाट्यानं त्याची छाती बंद होत चालली आहे, वळवाच्या पावसात तर तो टिकणारच नाही. आम्ही बाहेरचे आहोत आणि खोली बाहेरच्यांसाठीच आहे, मग द्या.

सुभेदार हसला नाही की रागावला नाही. त्यानं सरळ सांगितलं, "ती गावच्या बाहेरच्यांसाठी हाय. तुमी कुठल्याच गावचं न्हाई."

शालूबाईला ते लागलं. तिथून पालापर्यंत येताना तिनं सुभेदाराच्या सात पिढ्या धुऊन काढल्या, पण हळू आवाजात, कारण नाथाजीला हे कळू द्यायचं नव्हतं. तो अजून बोलावण्याची वाट पाहत होता. गावातून कुणी काट्यांजवळ आलं की धोतर झटकून उठून बसायचा. त्या बसण्याचा शालूबाईला संताप यायचा आणि तरीही ती त्याला उठून बसायला हात द्यायची.

वळीव यायचा तो आलाच. दुपारी ढग दाटले आणि वाऱ्यानं पहिल्याच झपाट्याला कागद फाडून बाभळीच्या काट्यांवर नेऊन टांगला. गारा पडल्या. शालूबाईनं देव्हारा नाथाजीच्या मांडीवर दिला आणि दोघांवर आपली गोधडी धरून उभी राहिली. पाऊस गेला तेव्हा देवी कोरडी होती आणि नाथाजी चिंब. संध्याकाळपर्यंत त्याची छाती वाजायला लागली. बोलताना दर दोन शब्दांमागं थांबायचा. शालूबाईनं आतापर्यंत त्याच्या छातीचे सगळे आवाज ऐकले होते. हा नवीन होता. तिला कळून चुकलं की माथ्यावर छप्पर मिळालं नाही तर पुढच्या पावसात हा माणूस जाणार. रोगानं नाही, कशानं नाही, नुसता उघड्यावर.

त्याच आठवड्यात गावाचं धाबं दणाणलं. कुपवाडच्या एका कारखान्यात कामाला असलेला गावचा माणूस आडवाटेनं दुचाकीवरून घरी आला होता, तो तापला. पांढरी गाडी येऊन त्याला घेऊन गेली. गावानं दारं लावली. सुभेदाराची काठी आणि शिट्टी असून रोग आत आला, तोही गावच्याच माणसाच्या अंगावरून, तेव्हा आता आसरा कुणाचा? तो सांगितला सुभेदाराच्या आईनं.

आक्काताई नव्वदीच्या घरात होती. तिनं लहानपणी पटकी पाहिली होती आणि पटकी कशी घालवली तेही पाहिलं होतं. सुताराकडून लहानसा लाकडी गाडा करून घ्यायचा. त्यात कणकेची मरीआई बसवायची. तिला हिरव्या बांगड्या, खण, लिंबू, कडूनिंब, दहीभात. मग तो गाडा वाजतगाजत गावच्या शिवेबाहेर, पुढच्या गावाच्या हद्दीत नेऊन सोडायचा. रोग गाड्याबरोबर जातो. पुढचं गाव त्याच्या पुढं ढकलतं. दोन गोष्टी मात्र पाळायच्या. गाडा निघाला की गावानं त्याच्याकडं पाठ करायची, मागं वळून बघायचं नाही. आणि शिवेवरून गाडा माघारी येता कामा नये. माघारी आलेल्या गाड्याला ज्याचा हात लागेल, त्याच्या घरात आई मुक्कामाला बसते.

सुभेदार आधी म्हणाला, असलं काही नसतं. पलटणीत किती सुया टोचून घेतल्या ते त्यानं सांगितलं. आक्काताईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग तुझी सुई कुठाय? सुई तेव्हा जगात कुणाकडंच नव्हती. शिवाय गाडा ओढायला मरीआईवाला लागतो आणि तो ओढ्यावर आयता बसला होता. गाड्याबरोबर तोही जाईल, हे सुभेदाराच्या लगेच ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो काट्यांच्या बाहेर आला, पालापासून लांब उभा राहिला आणि काय करायचं ते त्यानं हुकूम दिल्यासारखं सांगितलं. उद्या ऊन चढायच्या आत गाडा काट्यांपाशी येईल. तो घ्यायचा, ओढा ओलांडून पलीकडच्या हद्दीत न्यायचा आणि तसंच पुढं जायचं. बदल्यात जोंधळ्याचं पोतं.

"आन् आमी जायाचं कुटं?" शालूबाईनं विचारलं.

"गाडा जाईल तिकडं," सुभेदार म्हणाला.

नाथाजीला यातलं बोलावणं तेवढं ऐकू आलं. सुभेदाराची पाठ वळताच त्याचे डोळे भरून आले. म्हणलं नव्हतं का, म्हणाला. एवढं म्हणायला त्याला तीनदा थांबावं लागलं. मग तो घुंगरं धुवायला ओढ्यात उतरला आणि झिऱ्यापाशी बसकण मारून धापा टाकत राहिला. शालूबाईनं त्याला हाताला धरून वर आणलं. तिच्या ओठांवर पुष्कळ काही आलं होतं. तुला मान द्यायला नाही रे बोलावलंय, केरासारखं बाहेर टाकायला बोलावलंय, असं म्हणणार होती. म्हणाली नाही. पण राग गिळला म्हणजे तो पोटात काही जिरत नाही. रात्रभर तिच्या जिवाची नुसती तगमग चालली होती.

सकाळी गाडा आला. सुतारानं झकास केला होता, फूटभर उंचीचा, चाकं नीट फिरणारी. पोरांनी तो लांब बांबूनं ढकलत काट्यांपर्यंत आणला, तोंडाला रुमाल बांधून. कणकेच्या देवीला हळदीनं माखलं होतं आणि डोळ्यांच्या जागी दोन गुंजा बसवल्या होत्या. काट्या बाजूला झाल्या. हातगाडा आणि जोंधळ्याचं पोतं नंतर न्यायला बाभळीखालीच ठेवलं होतं. शालूबाईनं आपला देव्हारा डोक्यावर घेतला, गाड्याची दोरी हातात घेतली. ढोलकं एरवी तिच्याकडं असायचं. आज हात मोकळे नव्हते म्हणून ते नाथाजीच्या गळ्यात होतं. आसूड ओढण्याइतका दम त्याच्यात उरला नव्हता, पण मळवट भरून, घुंगरं बांधून तो ताठ उभा होता. गाडा हलला तसा सुभेदार ओरडला, "पीछे मूड." सगळ्या पोरांनी गावाकडं तोंडं केली. सुभेदारानंही केलं. गल्लीतल्या बाया खिडक्या लावून आत गेल्या. शिस्तीत सुभेदाराचा हात कुणी धरला नसता.

ओढ्यापर्यंत उतार होता. तिथं पोचल्यावर शालूबाईनं समोर पाहिलं. पलीकडच्या गावाला गाड्याचा सुगावा लागला होता. ओढ्याच्या पलीकडच्या दरडीवर माणसं उभी होती आणि त्यांच्या हातात धोंडे होते. त्यांच्या बाजूला साताऱ्याचा तो बरा शिपाईही होता आणि तो मान हलवून नको नको म्हणत होता. मागं वळलं तर सुभेदाराची आणि पोरांची पाठमोरी रांग. मधे ही दोघं आणि दोन देव्या.

नाथाजी दगडावर बसला. त्याला पुढचं पाऊल टाकवेना. छातीतून शीळ वाजल्यासारखा आवाज येत होता आणि मळवटावरून घाम उतरत होता. तरी तो ओढ्यात उतरायला हातानं खुणावत होता, कारण काम घेतलं ते पुरं केलं पाहिजे.

शालूबाई गाड्यातल्या देवीकडं बघत राहिली. मग तिनं दोरी उलट्या हातात घेतली आणि गाड्याचं तोंड गावाकडं फिरवलं.

"शालू," नाथाजी म्हणाला, "गाडा माघारी न्हेत न्हाईत. पाप लागंल."

"लागू दे. लागायला आपल्याकडं काय शिल्लक हाय?"

"आई कोपंल."

"आईचं मला सांगू नगा. आईला जलमभर डोस्क्यावर घेऊन मी फिरले." शालूबाईचा आवाज चढला नव्हता. "ही बी माज्यासारकीच बाई हाय. ह्या गावानं त्या गावाच्या शिवंवर ढकलली, त्यानं आनिक फुडच्या. बाई, तुला कुटं बसायचं हाय, म्हणून हिला कवा कुणी इचारलं? आज मी हिला गावात न्हेनार. आन् तुमी हिच्या मागनं येनार. उटा."

नाथाजी उठला नाही. त्याचे ओठ हलत होते. बापाला विचारत होता की देवीला, देव जाणे. एवढी वर्षं देवीचा चाकर म्हणून काढली आणि देवीला बसायला कुठं हवंय हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. बराच वेळ तो कणकेच्या त्या गुंजेच्या डोळ्यांकडं बघत होता. मग त्यानं बायकोच्या खांद्याचा आधार घेतला, उभा राहिला आणि ढोलक्यावर हात टाकला.

सुभेदारानं ढोलक्याचा आवाज ऐकला, पण मागं वळून बघायचं नाही हा त्याचाच हुकूम होता. आवाज लांब जायच्या ऐवजी जवळ यायला लागला तेव्हा पोरं चुळबुळली. कुणी वळेना. काट्या अजून बाजूलाच होत्या. पहिल्यांदा वळला तो सुभेदारच, आणि तोवर गाडा त्याच्यापासून दोन हातांवर होता.

त्यानं शिट्टी फुंकली. काठी आडवी धरली. शालूबाई काठीला बगल देऊन पुढं गेली, दोरी तशीच ओढत. चाकं कुरकुरत होती, गाडा सरळ त्याच्या पायांवर चालला होता आणि गाड्यातली देवी त्याच्याकडं डोळे वटारून बघत होती. पलटणीत तोफा पाहिलेला गडी, पण त्याचा पाय आपसूक मागं सरला. पोरं तर केव्हाच बांधावर चढली होती. एकानं बांबू उचलला तेवढ्यात काट्यांजवळच्या सुभेदाराच्या घराच्या सोप्यातून आक्काताईचा आवाज आला. म्हातारी काठी टेकत उंबऱ्यात येऊन उभी होती.

"हंबीर," ती म्हणाली, "हात लावशील तर घरात येऊ नगंस."

झालं. ज्या भीतीनं शालूबाईला शिवेबाहेर घातलं होतं, त्याच भीतीनं आता तिला वाट करून दिली. ती गावाच्या मधल्या रस्त्यानं चालली. असल्या रस्त्यांनी ती आजवर चालली होती ती दारोदार थांबत, वाकत, सुपं पुढं येण्याची वाट बघत. आज कुठंच थांबली नाही. दारं तिच्या आधी धडाधड लागत गेली. नाथाजी मागून येत होता, चार पावलं चालून थांबत होता, खोकत होता. कुणी शिट्टी फुंकली नाही. खोक म्हणावं हवं तेवढं, शालूबाईच्या मनात आलं. जन्मभर यांच्यासाठी धूर गिळलायस, खोक. तिला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि यातलं काहीच तिनं तोंडावर दिसू दिलं नाही.

शाळेच्या खोलीला बाहेरून नुसती कडी होती. शालूबाईनं ती काढली. आत खाटांवर गाद्या, गाद्यांवर कुणीही न झोपलेल्या चादरी, पिंप भरलेलं. तिनं नाथाजीला खिडकीजवळच्या खाटेवर बसवलं, पाठीशी दोन गाद्या गुंडाळून दिल्या, पाणी पाजलं, कपाळावरचा मळवट ओल्या पदरानं पुसला. देव्हारा भिंतीशी ठेवला. लाकडी गाडा मात्र तिनं बाहेर पायरीवर, दारासमोर आडवा लावला. गाड्यातला दहीभात काढून आत आणला आणि नाथाजीला भरवला. तो आधी नको म्हणाला, देवीचा आहे म्हणाला. देवीनंच दिलाय म्हणून तिनं सांगितलं, तेव्हा त्यानं खाल्ला. मग त्याचे डोळे मिटायला लागले. छाती अजून वाजत होती, पण बसल्या जागी श्वास आत जात होता.

मग शालूबाई दाराकडं गेली. पालाला दार नसतं. पालाचं फडकं कुणीही उचलतं, पोलीस उचलतो, कुत्रं उचलतं, दारू प्यालेला उचलतो, आणि आतल्या बाईनं तेवढ्या वेळात पदर सावरायचा असतो. तिनं दार लोटलं. आतल्या बाजूला लोखंडी कडी होती. ती कशी बसते हे तिला दोनदा करून बघावं लागलं. उभ्या जन्मात तिनं आतून लावलेली ती पहिली कडी.

बाहेर हळूहळू माणसं जमल्याचा आवाज आला, लांबून, शाळेच्या फाटकापाशी. कुजबुज झाली. पोलिसांना बोलवा, कुणी म्हणालं. पोलीस आले तरी गाडा कोण हलवणार, दुसऱ्यानं विचारलं. मग बुटांचे आवाज पटांगण ओलांडून आले आणि पायरीच्या अलीकडं थांबले. गाडा मधे असल्यामुळं येणाऱ्याला पुढं येता येत नव्हतं. जरा वेळानं काठीचं टोक लांबून दारावर टेकलं आणि टकटक वाजलं.

"कोन हाय?" शालूबाईनं आतून विचारलं.

दारावरची काठी खाली आली.

"मी हाय. हंबीरराव."

"काय पायजे?"

सुभेदारानं घसा खाकरला. आता त्याच्या बोलण्यात हुकूम नव्हता. "बाई, ऱ्हायाचं तर ऱ्हावा. पर गाडा तेवढा दारातनं हलवा. गाव भ्यालंय."

शालूबाईनं वळून पाहिलं. नाथाजी गादीला टेकून झोपला होता, तोंड उघडं, घुंगरं अजून पायात. दारात उभ्या राहिलेल्या माणसाला आतून काय सांगायचं असतं ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. जन्मभर तिनं पलीकडच्या बाजूला उभं राहून तेच ऐकलं होतं.

"मालक निजल्यात," ती म्हणाली. "म्होरं व्हा."